काडीवरून ओळखा झाड

रेल्वेच्या छोट्या प्रतिकृतींमध्ये झाडं म्हणून ‘सी फोम’ नावाची वाळकी झुडपं वापरतात. नाव तसं असलं तरी समुद्राशी त्यांचा काही संबंध नाही. ती टेलॉक्सिस अरिस्टाटा, म्हणजे आपल्या चाकवताच्या नात्यातली वनस्पती. पण कोकण रेल्वेचा देखावा उभारायचा तर इथल्याच बांधावरच्या काड्या जास्त शोभतात. माघ-फाल्गुनात त्यांची पानंफुलं झडलेली असतात, त्यामुळे ओळख फांद्यांवरून पटवायची.

आधी काडी बोटांत फिरवा. चौकोनी लागली आणि फांद्या समोरासमोर असल्या तर बहुधा तुळशीचं कुळ. तुळशीच्या मंजिरीवर फुलांचे वाळलेले पेले थरांनी राहतात. रानतुळशीच्या पेल्यांना पाच अणकुचीदार टोकं असतात, ती टोचतात. काडी या दोन्हींपैकीच आहे का अशी शंका आली तर बी पाण्यात टाका. दोन्हींचं बी सब्जासारखं बुळबुळीत होतं. फांद्या समोरासमोर पण काडी गोल असेल तर रानमोडी. फांद्या एकाआड एक, काडी रेघाळ आणि टोकांना रिकाम्या चांदण्या, ती सहदेवी.

आंब्याच्या सांगाड्याला रानमोडीच सरस. १५ मीटरचा आंबा १:८७ प्रमाणात सुमारे १७ सेंटिमीटरचा होतो. मात्र ही बाहेरून आलेली, फोफावणारी वनस्पती आहे. बी जिथल्या तिथे झटकूनच फांदी घरी आणा.

माडासाठी हरळीचा तुरा! एकाच बिंदूतून तीन ते सहा बोटं फुटतात, अगदी झावळ्यांसारखी. १:१६० प्रमाणात २० मीटरचा माड साडेबारा सेंटिमीटरचा, त्याला ही बोटं लांबीने बरोबर बसतात. एकच तुरा विरळ दिसतो, म्हणून पाच-सहा तुरे दोऱ्याने एकत्र बांधा. नाचणीची बोटं फार जाड पडतात.

काड्या ठिसूळ होऊ नयेत म्हणून ग्लिसरीनमध्ये बुडवायचा सल्ला सर्रास दिला जातो. कोकणात तो टाळा. ग्लिसरीन हवेतली ओल ओढतं, पावसाळ्यात फांद्यांना घाम फुटतो आणि रंग सुटतो. त्यापेक्षा १ भाग फेविकॉल, ४ भाग पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब असं मिश्रण करा. साबणामुळे ते बारीक फांद्यांवर थेंबाथेंबाने न साचता पसरतं. बुडवलेली फांदी उलटी टांगून वाळवा, म्हणजे वाकडी फांदी सरळ होते. काडी आधी दोन आठवडे सावलीत सुकलेली हवी. आत ओल राहिली तर गोंदाखाली बुरशी धरते आणि आषाढात अख्खं झाड काळं पडतं.