देखण्या चुकीचा शब्द: ‘स्पीशसली’

इंग्रजीत ‘स्पीशसली’ असं एक क्रियाविशेषण आहे. बोलण्यात ते क्वचितच येतं. ऐकताक्षणी पटणारा, पण आतून पोकळ असलेला युक्तिवाद कोणी केला, तर तो ‘स्पीशसली’ केला असं म्हणतात. नुसता चुकीचा तर्क इथे पुरत नाही, तो दिसायलाही चांगला हवा.

हा देखणेपणा शब्दाच्या मुळातच आहे. लॅटिनमध्ये ‘स्पेसिओसुस’ म्हणजे रूपवान. ‘स्पेसिएस’ म्हणजे रूप आणि त्याच्याही मागचा ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणे. इंग्रजीतही ‘स्पीशस’चा अर्थ आधी ‘सुंदर’ असाच होता. ‘वरून साजरं, आतून खोटं’ हा अर्थ सतराव्या शतकात रूढ झाला. मला सगळ्यात भावतं ते पुढचं नातं. हेच मूळ संस्कृतात ‘स्पश्’ म्हणून आहे. ऋग्वेदात वरुणाचे हेर ‘स्पश’ आहेत आणि आपला ‘स्पष्ट’ त्यातूनच आला. पाहण्याच्या एकाच धातूतून आपल्याला ‘स्पष्ट’ मिळाला, इंग्रजीला फसवं दिसणं!

त्या फसव्या दिसण्यासाठी आपल्याकडे न्यायशास्त्राने, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राने, दिलेला ‘हेत्वाभास’ आहेच. इथे हेतू म्हणजे निष्कर्षासाठी दिलेलं कारण. हेतू नाही, हेतूचा आभास. धूर दिसला म्हणून डोंगरावर आग आहे, हे बरोबर. पण आग आहे म्हणून धूर असणारच, हे चूक. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात आग असते, धूर नसतो.

लंडनमध्ये १८४९ साली कॉलऱ्याने सुमारे १४ हजार माणसं दगावली, तेव्हा असाच एक आभास मोठ्या विद्वानाला झाला. सांख्यिकीतज्ज्ञ विल्यम फार यांनी मृत्यूंचे आकडे वस्त्यांच्या उंचीशी ताडून पाहिले. थेम्स नदीच्या पातळीजवळच्या सखल वस्त्यांत मृत्यू सर्वाधिक, उंचावर जावं तसे कमी. त्यांनी सूत्र मांडलं आणि आकडे त्यात जवळपास चपखल बसले. नदीकाठच्या दूषित हवेने रोग होतो, ही त्यांची समजूत त्यामुळे पक्की झाली. आकडे खरे होते, गणितही खरं होतं. पण सखल वस्त्या नदीच्या सांडपाणी मिसळलेल्या भागातलंच पाणी पीत होत्या, आणि उंचीच्या आड हे पाणी लपून राहिलं.

डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ च्या साथीत उंची आणि हवा दोन्ही सारखी ठेवणारी तुलना शोधली. दक्षिण लंडनच्या अनेक गल्ल्यांत दोन कंपन्यांचे नळ शेजारी शेजारी होते. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्येच पाणी वरच्या, स्वच्छ प्रवाहातून घ्यायला सुरुवात केली होती. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनीने तसं केलं नव्हतं. दर १० हजार घरांमागे लॅम्बेथच्या ग्राहकांत ३७ मृत्यू, तर दुसरीकडे ३१५.

फार यांना लगेच पटलं नाही. पण १८६६ मध्ये पूर्व लंडनमध्ये साथ आली, तेव्हा त्यांच्याच आकड्यांनी एका पाणी कंपनीकडे बोट दाखवलं, आणि फार यांनी पाण्याचा दोष जाहीरपणे मांडला.