‘पणजी’ किती अक्षरांची?

यादीत ‘पणजी’ छापून यायला हवं होतं. कागदावर आला नुसता ‘प’ आणि त्याच्यापुढे एक रिकामा चौकोन. ‘फोंडा’चा ‘फ’ झाला होता. ‘म्हापसा’चा ‘म’ उरला होता, तोही पाय मोडलेला.

गोव्यातल्या एका वाचनालयाच्या सभासदांची गाववार यादी काढणारा छोटासा प्रोग्राम मी लिहिला होता. नोंदी वाचून लावायचं काम संगणकाच्या पायथन भाषेत होतं. छपाईयंत्राला मजकूर पाठवणारा भाग जुना, सी भाषेतला, चांगला चालणारा. तो नव्यानं कशाला लिहायचा, म्हणून दोन्ही जोडले. पायथनचा भाग बरोबर होता, सीचाही बरोबर होता. चूक होती ती दोघींच्या मधे.

‘पणजी’ची लांबी विचारली की पायथन ४ सांगते: प, ण, ज आणि वेलांटी. सी अक्षरं मोजत नाही, बाइट मोजते, म्हणजे संगणकाच्या साठवणीचे छोटे, एकसारखे तुकडे. अक्षरं साठवण्याच्या यूटीएफ-८ या सगळीकडे रूढ असलेल्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणून सीच्या हिशेबी ‘पणजी’ १२. आणि पहिलीतलं मूल बोटांवर मोजून सांगेल, तीन. तिघांचंही बरोबर आहे! मी पायथनकडून ४ हा आकडा घेतला आणि सीच्या हातात दिला. तिनं इमानानं ४ बाइट पाठवले: अख्खा ‘प’ आणि ‘ण’चा एक तृतीयांश.

आपल्या बोलण्यात असं होत नाही. पाव, चावी, बटाटा, पगार हे शब्द पोर्तुगीजांबरोबर आले आणि आपल्याकडेच राहिले. आता ‘चावीनं’ म्हणताना कुणी अडखळत नाही. शब्दानं मराठीची विभक्ती घेतली की तो घरचा झाला. प्रोग्राममध्ये परकं फंक्शन, म्हणजे दुसऱ्या भाषेतला कामाचा तुकडा, कधीच घरचं होत नाही. दर वेळी माल वेशीवर उतरवायचा, त्याचं रूप बदलायचं, पलीकडे चढवायचा.

मग दोन भाषा एकत्र आणायच्याच कशाला? कारण एकीत जे सोपं, ते दुसरीत अवघड. समजा, मांडवी नदीच्या पाण्याची पातळी दर मिनिटाला नोंदवली. वर्षाच्या ५,२५,६०० नोंदी होतात, दहा वर्षांच्या साधारण ५२ लाख. सीमध्ये दशांश चिन्हाचा असा आकडा ८ बाइटमध्ये मावतो, म्हणजे सगळे मिळून सुमारे ४२ मेगाबाइट. पायथनच्या साध्या यादीत मात्र प्रत्येक आकडा स्वतंत्र डब्यात असतो. डबा २४ बाइटचा, शिवाय तो कुठे ठेवलाय त्याचा पत्ता ८ बाइटचा. तेच आकडे १६८ मेगाबाइट होतात आणि बेरीज करताना प्रत्येक डबा उघडून आत काय आहे ते बघावं लागतं. म्हणून नमपाय ही पायथनची लायब्ररी (तयार फंक्शनांचा संच) आकडे सीसारखे सलग रचते आणि बेरीज सीमध्येच उरकते. काम कित्येक पटींनी लवकर होतं, आणि लिहिणाऱ्याला पायथनची एक ओळ पुरते.

पण नमपायला एकेक आकडा देऊन बेरीज करायला लावली, तर ती नुसत्या पायथनपेक्षाही हळू चालते. रायबंदरच्या धक्क्यावर उभं राहून बघा. चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत एक स्कूटर असो की बोट भरलेली असो, नदी तेवढीच रुंद असते. भाषेची वेस ओलांडण्याचा खर्चही असाच दर खेपेचा असतो. माझ्या मते जोडकामातलं अर्धं शहाणपण इथेच आहे: खेपा कमी आणि प्रत्येक खेप भरलेली.

वेशीवरची बोली बहुतेक वेळा सीचीच असते. बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास घडवलेली ही भाषा. रस्ट या तिसऱ्या भाषेत लिहिलेला भाग पायथनला जोडायचा असला, तरी दोघी एकमेकींशी सीच्या रिवाजानं बोलतात. रिवाज म्हणजे कुठली वस्तू कुठल्या हातात द्यायची, याचा करार. इंटेल-एएमडीच्या ६४ बिटी प्रोसेसरवर लिनक्स ही संगणकप्रणाली असेल, तर पहिले सहा पूर्णांक किंवा पत्ते प्रोसेसरच्या ठरलेल्या सहा कप्प्यांत ठेवायचे. विंडोजवर असे कप्पे चारच. लिनक्सच्या गाभ्यातही २०२२च्या डिसेंबरपासून सीच्या शेजारी रस्टला जागा मिळाली आहे.

लुआ नावाची भाषा तर दुसरीच्या पोटात राहण्यासाठीच घडवली आहे. १९९३मध्ये ब्राझीलच्या रिओ द जानेरोमधल्या विद्यापीठात ती तयार झाली. लुआ म्हणजे पोर्तुगीजमध्ये चंद्र, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना सांगावं लागणार नाही. कित्येक व्हिडिओ गेमचा गाभा सी किंवा सी++मध्ये असतो आणि वरचे नियम लुआमध्ये. मोजणी मात्र लुआची १पासून आणि सीची ०पासून. वेशीवर सावध राहिलं नाही, तर एका घराची चूक ठरलेलीच.

सगळ्यात त्रासदायक प्रश्न मेमरीच्या मालकीचा. पायथन न लागणारी वस्तू आपणहून आवरते. सीमध्ये आवरायचं काम लिहिणाऱ्याचं. पायथननं दिलेला पत्ता सीनं जपून ठेवला आणि मधल्या वेळात पायथननं ती जागा मोकळी केली, तर सी नंतर भलत्याच मजकुरावर हात ठेवते. उलट, दोघीही दुसरी आवरेल म्हणून थांबल्या, तर मेमरी तुंबत जाते. असली चूक लगेच दिसत नाही, आठवड्यानं दिसते. म्हणून कोणी आवरायचं ते मी प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर मराठीत लिहून ठेवतो.

यादीचं काम त्या मानानं सोपं निघालं. आता मजकूर आधी पायथनमध्येच बाइटच्या रूपात आणतो, त्या रूपाची लांबी मोजतो आणि तोच आकडा सीला देतो. पणजी १२, फोंडा १५, म्हापसा २१.