सनईवाल्याचा गाल सुजला: गालगुंड की हवा?

वैशाखातली दाट तीथ, अंबाजोगाईजवळच्या एका खेड्यात लग्न. माझा मामेभाऊ सनईच्या जोडीत सूर धरतो, म्हणजे एकच स्वर न तोडता वाजवत राहतो. मुख्य सनईवाला मधेच थांबून घाम पुसतो. सूर धरणाऱ्याला ती मुभा नाही. नाकाने श्वास ओढायचा आणि तेवढ्या वेळात गालात साठवलेली हवा पत्तीत ढकलत राहायची. वरात मारुतीपाशी पोचेस्तोवर त्याच्या उजव्या कानाच्या पाळीखाली लिंबाएवढी सूज आली. मामी म्हणाली, "गालगुंड हाय रे, लेकरांपासून लांब बस." गेरूचा लेप लागला, पुढच्या दोन सुपाऱ्या बुडाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी गाल पुन्हा जागेवर.

गालगुंड सहसा एवढ्या लवकर उतरत नाही, त्याला बहुतेकदा काही दिवस ते आठवडा लागतो.

फसगत होते कारण जागा एकच, कानापुढची लाळग्रंथी. गालगुंडात तिथे विषाणू शिरतो. लागण झाल्यावर साधारण 16 ते 18 दिवसांनी ताप, अंगदुखी, मग सूज. बऱ्याचदा दुसरा गालही सुजतो. चिंच चघळली की कळ येते.

वाजवणाऱ्याच्या ग्रंथीत शिरते ती त्याचीच फुंक. ग्रंथीतली लाळ तोंडात आणणारी नळी जेमतेम 5 सेंटिमीटरची. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर, गालाच्या आतून तिचं बारीक तोंड उघडतं. जीभ फिरवली तर तिथे उंचवटा लागतो. एरवी हवेचा दाब वाढला की हे तोंड मिटतं, गालाचा चपटा स्नायूही त्याला आवळून धरतो. या स्नायूचं लॅटिन नाव बक्सिनेटर, म्हणजे तुतारी वाजवणारा. नाव ठेवणाऱ्याने नेमकं हेरलं होतं! गाल सैल सोडून फुग्यासारखे फुगवले, की हवा कधीकधी उलटी नळीत घुसते.

म्हणून आधी विचारावं, सूज कधी आली? वाजवता वाजवता आणि तापाशिवाय आली असेल, तर हवेचा संशय घ्यावा. मग बोटाने हलकेच दाबून बघावं. चुरमुऱ्याच्या पिशवीवर बोट ठेवल्यासारखी कुरकुर बऱ्याचदा लागते. गाल कानाकडून पुढे चोळला तर दाढेसमोरून फेसाळ लाळ येते. गालगुंडात यातलं काही नसतं.

गालगुंड असेल तर सूज आल्यापासून 5 दिवस वेगळं राहायचं. वयात आलेल्या पुरुषांत कधी वृषणही सुजतं, ते अंगावर काढू नये. "लहानपणी सगळ्या लसी झाल्यात" यावर विसंबू नका, एमआर लस गोवर-रुबेलाची, तिच्यात गालगुंड येत नाही.

हवेच्या सुजेला विश्रांती, भरपूर पाणी आणि चोळणं बहुतेकदा पुरतं. ताप आला, पू आला किंवा कुरकुर मानेपर्यंत उतरली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

मामेभाऊ आता गाल आवळून फुंकायचा सराव करतोय. जोडीदाराशी बोलीच केलीय, दर अर्ध्या तासाने सूर तू धरायचा. मामी अजून गेरूची पुडी पिशवीत टाकतेच.