फरगाना खोरं: ज्या रेषा कधी सीमा व्हायच्याच नव्हत्या

२८ एप्रिल २०२१ ला एका खांबावर कॅमेरा बसवण्यावरून दोन देशांत लढाई सुरू झाली. इस्फारा नदीवर गोलोव्नोय नावाचं पाणी वाटायचं ठिकाण आहे, आपल्याकडे कालव्याच्या तोंडाशी लोखंडी दारं असतात ना, साधारण तसंच. ताजिकिस्तानची माणसं तिथे सीसीटीव्ही लावायला गेली, किर्गिझस्तानची माणसं म्हणाली हा खांब आमच्या हद्दीत आहे, मग शिवीगाळ, मग दगड, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थेट बंदुका आणि मॉर्टर. दोन दिवसांत दोन्हीकडची मिळून पन्नासच्या वर माणसं गेली, घरं जळली, शाळा जळल्या, हजारो लोक अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडले.

बातम्यांमध्ये हे "सीमेवर चकमक" एवढ्याच दोन ओळींत येऊन गेलं. पण त्या खांबामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि तो आपल्याला, म्हणजे बेळगाव आणि अलमट्टी ऐकत मोठं झालेल्या लोकांना, इतर कुणापेक्षा लवकर समजेल असं मला वाटतं. शिवाय महाराष्ट्रातली बरीच मुलं ओश आणि बिश्केकला एमबीबीएस करतात, त्यांच्या आईवडिलांना तरी तो भाग नक्की काय आहे हे माहीत असावं.

आधी जागा समजून घेऊ. फरगाना खोरं मध्य आशियात आहे, आज उझबेकिस्तान, किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तान या तीन देशांत विभागलेलं. चहूबाजूंनी डोंगर आणि मध्ये सपाट सुपीक जमीन, एकूण आकार साधारण २२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या दोन-तीन जिल्ह्यांएवढा, पण तिथे दीड कोटीच्या आसपास लोक राहतात. आख्ख्या मध्य आशियात एवढी दाट वस्ती दुसरीकडे क्वचितच. बाबर इथलाच, १४८३ साली अंदिजानला जन्मला, आणि हिंदुस्थानात येऊनही त्याला तिकडच्या फळांची आठवण काही सुटली नाही, मर्गिलानचे जर्दाळू बी काढून आत बदाम भरून वाळवतात हे त्याने आवर्जून लिहून ठेवलंय. ताजिकिस्तानातलं इस्फारा आणि त्याच्या शेजारचं किर्गिझस्तानातलं बातकेन, सीमेच्या दोन्ही बाजूंना आजही जर्दाळूच्याच बागा आहेत. कोरडा मुलूख, पाऊस नावापुरता, त्यामुळे झाड जगायचं तर पाटाचं पाणी पाहिजेच, आणि पाणी येणार डोंगरातून. म्हणजे भांडण एप्रिलमध्ये का पेटतं याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं, तेव्हाच पहिली पाळी सुरू होते आणि तेव्हाच सगळ्यांना पाणी हवं असतं.

आता रेषा. रशियन साम्राज्य जाऊन सोव्हिएत आले आणि १९२४ पासून त्यांनी मध्य आशियाचे "राष्ट्रीयत्वानुसार" तुकडे पाडायला घेतले. आधी उझबेक प्रजासत्ताक झालं, त्याच्या पोटात स्वायत्त ताजिक प्रदेश, मग १९२९ ला खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या खुजंद शहराचा भाग जोडून ताजिक प्रजासत्ताक वेगळं झालं आणि १९३६ ला किर्गिझ प्रजासत्ताकाला पूर्ण दर्जा मिळाला. सगळीकडे एक गोष्ट ऐकायला मिळते की स्टालिनने मुद्दाम "फोडा आणि राज्य करा" म्हणून नकाशावर वेड्यावाकड्या रेघा मारल्या. मला ही गोष्ट फार सोपी वाटते. प्रत्यक्षात तेव्हाचे स्थानिक कम्युनिस्ट नेते आपापल्या बाजूने अर्ज करत होते, भांडत होते, बाजारपेठ आम्हाला द्या, कालवा आम्हाला द्या, आणि कमिट्या बसून तडजोडी करत होत्या. ओशचंच बघा, शहरात उझबेक जास्त, आजूबाजूच्या डोंगरात किर्गिझ, पण किर्गिझांना दक्षिणेत एक तरी शहर हवंच म्हणून ओश तिकडे गेलं. शेजारी-शेजारी राहणारे, एकमेकांच्या घरात लग्नं लागलेली, एकच माणूस घरात उझबेक बोलणारा आणि बाजारात ताजिक, अशा लोकांवर सरळ रेघ मारणार तरी कशी.

आणि खरं सांगायचं तर तेव्हा कुणाला त्याचं एवढं गांभीर्यही नव्हतं, कारण या रेषा जिल्ह्यांच्या हद्दीसारख्या होत्या. मॉस्को एक, पासपोर्ट एक, रूबल एक. एका प्रजासत्ताकाची सामूहिक शेती दुसऱ्याच्या जमिनीवर भाडेपट्ट्याने गुरं चारायची, कालवा खणला की तो तीनदा हद्द ओलांडून जायचा, रस्ताही तसाच. बेटांसारखे तुकडे राहिले, सोख हा उझबेकिस्तानचा तुकडा चारी बाजूंनी किर्गिझस्तानात आणि तिथे राहणारे जवळपास सगळे ताजिक, वोरुख हा ताजिकिस्तानचा तुकडा, तोही किर्गिझस्तानच्या आत. आपल्याकडे कूचबिहारला छिटमहल होते, २०१५ ला बांगलादेशशी अदलाबदल झाली, त्यातलाच प्रकार. काही गावांत तर घरागणिक देश बदलतो, एक घर किर्गिझ, पुढचं ताजिक, म्हणून तिकडचे लोकच त्याला बुद्धिबळाचा पट म्हणतात.

भांडणं तेव्हाही होत होती. १९८९ ला इस्फारा-बातकेन भागात पाण्यावरून आणि जमिनीवरून मारामारी झाली, जून १९९० मध्ये ओश आणि उझगेनला जमिनीच्या वाटपावरून किर्गिझ-उझबेक दंगल झाली, शेकडो माणसं मेली. पण वर कुणीतरी होतं, सैन्य यायचं, कर्फ्यू लागायचा, कमिटी बसायची.

मग डिसेंबर १९९१. ८ तारखेला बेलोवेझच्या जंगलातल्या सरकारी बंगल्यात रशिया, युक्रेन आणि बेलारूसच्या नेत्यांनी सोव्हिएत संघ संपल्याचं जाहीर केलं, मध्य आशियातल्या पाच प्रजासत्ताकांना त्यावेळी विचारलंही नव्हतं, आणि २१ तारखेला अल्मा-आतामध्ये जमलेल्या ११ प्रजासत्ताकांनी एकमेकांच्या आहे त्या सीमा मान्य केल्या. कागदावर हे शहाणपणाचंच होतं, नाहीतर अजून रक्त सांडलं असतं. पण "आहे त्या सीमा" म्हणजे नक्की कुठल्या? ताजिकिस्तान १९२४ ते २७ चे नकाशे काढून दाखवायचा, किर्गिझस्तान १९५० च्या दशकातले. आपल्या भाषेत सांगायचं तर एकाच जमिनीचे दोन सातबारे, दोन्हीवर त्याच सरकारचा शिक्का, आणि शिक्का मारणारं सरकारच आता अस्तित्वात नाही.

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बेळगावचा प्रश्न १९५६ पासून आहे, महाजन आयोग झाला, २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे, माणसं पिढ्यान्पिढ्या चिडलेली आहेत. कृष्णेचं पाणी लवादाने वाटलं, महाराष्ट्राला ५६० टीएमसी, कर्नाटकला ७००, आंध्रला ८००, त्यावर अजून वाद आहेतच, आणि सांगली-कोल्हापूरला पूर आला की अलमट्टीचं नाव निघतंच. पण या सगळ्याला वर एक छप्पर आहे. कोल्हापूरच्या पोलिसांकडे मॉर्टर नाहीत. फरगाना खोऱ्यात ते छप्पर एका महिन्यात उडालं आणि खाली बांध कोरणारे शेजारी तेच राहिले, फक्त आता प्रत्येकाच्या मागे स्वतःचं सैन्य होतं.

पाण्याचं गणित तर पूर्णच विस्कटलं. नारिन नदीवर किर्गिझस्तानात तोक्तोगुल धरण आहे, १९७० च्या दशकातलं, साठा सुमारे १९.५ घन किलोमीटर, म्हणजे साधारण ६९० टीएमसी, जवळजवळ साडेसहा कोयना. सोव्हिएत काळात व्यवहार सरळ होता, उन्हाळ्यात किर्गिझांनी खाली उझबेक आणि कझाख कापसाला पाणी सोडायचं, आणि हिवाळ्यात खालच्यांनी त्यांना कोळसा, गॅस, तेल पाठवायचं. संघ गेल्यावर उझबेकिस्तानने गॅसचे बाजारभावाने पैसे मागितले. किर्गिझस्तानकडे पैसे नव्हते आणि उणे वीसमध्ये लोकांना घरं तर गरम करायची होती, मग त्यांनी हिवाळ्यात पाणी सोडून वीज करायला सुरुवात केली. परिणाम असा की हिवाळ्यात खाली पूर आणि उन्हाळ्यात कापसाला पाणी नाही. १९९८ ला पाणी-ऊर्जा अदलाबदलीचा करार झाला पण दरवर्षी नव्याने घासाघीस करावी लागायची आणि कोरड्या वर्षी तो मोडायचाच. यात कुणी एक खलनायक आहे असं मला वाटत नाही, दोन्हीकडची गरज खरी होती.

सुरक्षेची बाजू अजून वाईट. ताजिकिस्तानात १९९२ ते ९७ गृहयुद्ध झालं, त्यातून बाहेर पडलेले उझबेक अतिरेकी १९९९ च्या उन्हाळ्यात बातकेनच्या डोंगरात उतरले, जपानी भूगर्भशास्त्रज्ञांना ओलीस धरलं. उझबेकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष करिमोव यांच्या सरकारने घाबरून काय केलं, तर सीमेवर सुरुंग पेरले, आणि सीमाच ठरलेली नसल्यामुळे ते शेजाऱ्यांच्या चराऊ रानातही गेले. मेले कोण, तर गुराखी, सरपण गोळा करणाऱ्या बायका, लहान मुलं. ताजिक सीमेवरचे सुरुंग निघायला २०२० उजाडलं.

सोव्हिएत संघातून निघालेल्या देशांचा सामूहिक सुरक्षेचा करार होता की, मे १९९२ मध्ये ताश्कंदला सही झालेला, २००२ पासून त्याची रीतसर संघटना, सीएसटीओ. किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तान दोघंही सदस्य, दोघांकडेही रशियाचे लष्करी तळ. पण त्या कराराची रचनाच बाहेरच्या शत्रूसाठी, सदस्यच एकमेकांवर तुटून पडले तर काय करायचं याचं उत्तर त्यात नाही. जून २०१० ला ओशमध्ये पुन्हा किर्गिझ-उझबेक हिंसा झाली, चारशेच्या वर माणसं गेली, त्यात उझबेक जास्त, लाखो बेघर झाले, हंगामी प्रमुख रोझा ओतुनबायेवांनी रशियाकडे सैन्य मागितलं आणि मॉस्कोने हा तुमचा अंतर्गत प्रश्न म्हणून हात वर केले. कराबाख, अबखाझिया, ट्रान्सनिस्ट्रिया या जुन्या सोव्हिएत संघातल्या इतर वादग्रस्त तुकड्यांची कथा वेगळी आणि मोठी आहे, पण छप्पर उडाल्यावर काय होतं ते तिथेही तसंच दिसतं.

२०२१ नंतर दोन्ही बाजूंनी शस्त्रं जमवायला घेतली. किर्गिझस्तानने तुर्कस्तानकडून बायरक्तार ड्रोन आणले. सप्टेंबर २०२२ मध्ये मग खरंखुरं युद्धच झालं, चार दिवस, शंभराच्या वर मृत्यू, एकट्या किर्गिझ बाजूने जवळपास १,३७,००० लोकांना हलवावं लागलं. आणि नेमकं त्याच वेळी, १५-१६ सप्टेंबरला, शेजारच्या समरकंदमध्ये शांघाय सहकार्य संघटनेची शिखर परिषद चालू होती, दोन्ही राष्ट्राध्यक्ष तिथे हजर, मोदी, पुतिन, शी जिनपिंग हजर, आणि काहीशे किलोमीटरवर गावं जळत होती. त्या दिवसांतले फोटो बघितले तर जळक्या घराच्या फक्त भिंती उभ्या दिसतात, आणि अंगणात चहाची किटली तशीच.

पण या गोष्टीत पुढे जे झालं ते फार कमी लोकांना माहीत आहे आणि तेच सांगावंसं वाटतं. करिमोव २०१६ ला वारले, त्यांच्या जागी मिर्झियोयेव आले आणि त्यांनी शेजाऱ्यांशी बोलायला सुरुवात केली, २०१७ लाच किर्गिझ-उझबेक सीमेच्या सुमारे ८५ टक्के भागावर सही झाली. २०२२ च्या शेवटी उरलेलं मिटलं, केंपिर-आबाद जलाशय उझबेकिस्तानकडे आणि बदल्यात किर्गिझस्तानला जमीन. मात्र हे करताना किर्गिझ सरकारने विरोध करणाऱ्या वीसहून जास्त लोकांना आधीच उचलून तुरुंगात टाकलं, २०२४ मध्ये त्यांची निर्दोष सुटका झाली. करार चांगला होता की वाईट हा वेगळा प्रश्न, पण ज्यांच्या शेताजवळचं पाणी जातंय त्यांना नकाशाही न दाखवणं मला पटत नाही.

ताजिकांशीही तसंच, बंद दाराआड, पण झालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही सुरक्षाप्रमुखांनी आराखड्यावर सह्या केल्या, १३ मार्चला बिश्केकमध्ये किर्गिझस्तानचे राष्ट्राध्यक्ष जापारोव आणि ताजिकिस्तानचे रहमोन यांनी करार केला, हजार किलोमीटरची सीमा ठरली आणि २०२१ पासून बंद असलेले नाके त्याच दिवशी उघडले. ३१ मार्चला खुजंदमध्ये मिर्झियोयेवही आले आणि तिन्ही सीमा जिथे मिळतात तो बिंदू कागदावर नक्की केला. काही जमिनीची अदलाबदल झाली, दोस्तुक नावाचं किर्गिझ गाव ताजिकिस्तानकडे गेलं, तिथल्या लोकांना दुसरीकडे घरं द्यायचं ठरलं. दोस्तुक म्हणजे दोस्ती. लढाईत होरपळलेली आणि नंतर परत बांधलेली घरं सोडून जाणं त्यांच्या वाट्याला आलं, बागेसकट.

तोक्तोगुलच्या वरच्या अंगाला कांबार-आता-१ नावाचं १,८६० मेगावॉटचं धरण किर्गिझस्तान, उझबेकिस्तान आणि कझाखस्तान तिघं मिळून बांधणार आहेत, म्हणजे एकेकाळी मॉस्को करून द्यायचं ते पाणी-विजेचं गणित आता तिघं स्वतःच बसून मांडतायत. आणि गोलोव्नोय, जिथे त्या कॅमेऱ्याच्या खांबावरून सगळं पेटलं होतं, तिथली दारं आता दोन्ही देशांनी समान हक्काने चालवायची असं करारात आहे.