सूक्ष्मवाहिनी घनता (प्रोस्टेट कर्करोगातील)

अर्बुदाच्या (ट्यूमरच्या) ठरावीक क्षेत्रात सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांची संख्या. नव्या रक्तवाहिन्या फुटल्याशिवाय अर्बुद काही मिलिमीटरपलीकडे वाढू शकत नाही, हे अमेरिकन शस्त्रवैद्य ज्युडा फोकमन यांचे १९७१ मधील प्रतिपादन या मोजणीचा पाया होय. प्रोस्टेट (अष्ठीला) ग्रंथीच्या कर्करोगात या घनतेचा ग्लीसन श्रेणीशी संबंध वादग्रस्त आहे. ती श्रेणी ग्रंथिरचना किती विस्कटली आहे यावरून ठरते. रक्तवाहिन्या तीत विचारात घेतल्या जात नाहीत.

एन. वाइडनर व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये शस्त्रक्रियेने काढलेल्या ७४ ग्रंथी तपासल्या. रोग अन्यत्र पसरलेल्या रुग्णांत २०० पट वर्धनाच्या एका दृष्टिक्षेत्रात सरासरी ७६.८ वाहिन्या आढळल्या, इतरांत ३९.२. ग्लीसन अंकाबरोबर (ग्लीसन श्रेणींच्या बेरजेबरोबर) संख्या वाढली, पण ही वाढ मुख्यतः उच्च श्रेणीच्या अर्बुदांत होती; या मर्यादेचा पुढे अनेकदा विसर पडलेला दिसतो. १९९९ मध्ये एम. ए. रुबिन व सहकाऱ्यांना श्रेणी, रोगाची अवस्था किंवा परिणाम यांपैकी कशाशीच संबंध आढळला नाही.

मतभेदाचे एक कारण मोजणीच्या पद्धतीत असावे. वाहिन्यांचे अस्तर घटक-८ संबंधित प्रतिजन, सीडी३१ किंवा सीडी३४ या अस्तरपेशींतील प्रथिनांना चिकटणाऱ्या प्रतिपिंडांनी रंगवतात आणि सर्वांत दाट भाग नजरेने निवडून तेथेच मोजतात. वाइडनर पद्धतीत पोकळी न दिसणारी, रंगलेली एकटी अस्तरपेशीही एक वाहिनी धरली जाते. प्रतिपिंड बदलला की संख्या बदलते. दाट भागाची निवड तपासनिसागणिक वेगळी होते, आणि सुईने घेतलेल्या बायॉप्सीत तो भाग येईलच असे नाही.

संख्येपेक्षा आकार अधिक बोलका असावा, असे एल. ए. मुची व सहकाऱ्यांच्या २००९ मधील अभ्यासावरून वाटते. अमेरिकेतील ५७२ रुग्णांच्या या पाहणीत उच्च श्रेणीच्या अर्बुदांतील वाहिन्या संख्येने अधिक, पण बारीक व वेड्यावाकड्या होत्या. वाहिन्यांचा बारीकपणा व वेडेवाकडेपणा यांचा प्राणघातक रोगाशी असलेला संबंध ग्लीसन अंक हिशेबात धरूनही टिकला. घनतेचा मृत्यूशी संबंध मात्र इतर वैद्यकीय घटक विचारात घेतल्यावर उरला नाही. मृत्यूंची संख्या थोडी असल्याने हा निष्कर्ष जपूनच घ्यावा लागतो.

वाहिनीवाढ रोखणाऱ्या बेव्हॅसिझुमॅब या औषधाची प्रोस्टेट कर्करोगात डोसेटॅक्सेल या रसायनोपचाराच्या (केमोथेरपीच्या) औषधाबरोबर मोठी चाचणी झाली (निष्कर्ष २०१२), परंतु एकूण आयुर्मानात लक्षणीय वाढ झाली नाही. नेहमीच्या विकृतिवैज्ञानिक (पॅथॉलॉजी) अहवालात ही घनता नोंदवत नाहीत.