एसएसएच टनेल कॉन्फिग फाइलमध्ये कसा आला

गुहागर-मालवणच्या घरात ठेवलेला कॉम्प्युटर मुंबईतून उघडायचा, तर पहिली अडचण पत्त्याचीच येते. मोबाइल कंपन्या आणि बरेच फायबरवाले एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. त्यासाठी १००.६४ पासूनचा पत्त्यांचा पट्टा २०१२ मध्ये अधिकृतपणे राखून ठेवला गेला. त्यामुळे गावच्या मशिनला बाहेरून हाक मारता येत नाही, तिनेच आधी बाहेर कनेक्शन जोडावं लागतं. एसएसएच, म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरशी सुरक्षित कनेक्शन जोडणारं साधन, इथे कामी येतं. त्याच्या रिमोट फॉरवर्डिंगमध्ये गावची मशिन बाहेरच्या एका सर्व्हरशी जोडलेली राहते. त्या सर्व्हरच्या ठरलेल्या पोर्टवर, म्हणजे क्रमांक दिलेल्या दारावर, आलेली हाक त्याच कनेक्शनमधून गावी पोहोचते. या वाटेलाच टनेल म्हणतात.

मुळात हे साधन वेगळ्याच दुखण्यावर निघालं. दूरच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करण्याच्या टेलनेट या जुन्या साधनात पासवर्ड उघडा जायचा. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर असे पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं आणि जुलै १९९५ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. पुढच्याच महिन्यात, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. दुसऱ्या प्रोग्रामचा पोर्ट एसएसएचच्या सुरक्षित कनेक्शनमधून पलीकडे नेण्याची सोय पहिल्यापासून होती. युलोनेन यांच्या आवृत्तीचा परवाना पुढे जाचक होत गेला, म्हणून ओपनबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टमच्या मंडळींनी जुनी मुक्त आवृत्ती हाती घेतली. त्यातून डिसेंबर १९९९ मध्ये ओपनएसएसएच आलं आणि आज बहुतेक सगळे तेच वापरतात.

कमांडला ‘एल’ (पोर्ट आपल्या मशिनवर उघडतो) किंवा ‘आर’ (पोर्ट सर्व्हरवर उघडतो) जोडून टनेल उघडता येतो, पण ती लांबलचक ओळ रोज कोण टाइप करणार? क्लायंटच्या, म्हणजे कनेक्शन जोडणाऱ्या बाजूच्या, कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइलमध्ये होस्टच्या नावाखाली लोकलफॉरवर्ड किंवा रिमोटफॉरवर्ड लिहून ठेवलं, की नुसतं नाव पुरतं. ही फाइल नीट लिहिणं मला कुठल्याही चकचकीत ॲपपेक्षा मोलाचं वाटतं, कारण घरातला दुसरा माणूसही ती वाचून दुरुस्त करू शकतो.

खरा कस टिकण्यात लागतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं आणि रायगड, उत्तर रत्नागिरीतली कितीतरी गावं कित्येक दिवस अंधारात राहिली. वादळ सोडाच, साध्या पावसातही वीज जाते-येते. अशा वेळी मशिन अचानक बंद पडते, पण सर्व्हरला ते कळत नाही. त्याच्या लेखी जुनं कनेक्शन जिवंतच असतं आणि पोर्ट अडकून राहतो. वीज आल्यावर एसएसएच पुन्हा जोडलं जातं, पण फॉरवर्डिंग मात्र होत नाही. वरवर सगळं ठीक दिसतं आणि टनेल नसतो.

यावरचे उपाय एकेक करत आले. क्लायंटच्या कॉन्फिगमधलं सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल हे सेटिंग २००४ मध्ये आलं. ठरावीक वेळाने सर्व्हरला विचारणा करायची आणि उत्तर येईनासं झालं की कनेक्शन सोडायचं, हे त्याचं काम. एक्झिटऑनफॉरवर्डफेल्युअर २००६ चं. फॉरवर्डिंग जमलं नाही तर ते क्लायंटला सरळ बाहेर पडायला लावतं. पुन्हा जोडणी करण्याचं काम ओपनएसएसएचने स्वतःकडे कधीच घेतलं नाही. ते ऑटोएसएसएच या वेगळ्या प्रोग्रामवर किंवा इतर प्रोग्राम चालू ठेवणाऱ्या लिनक्सच्या सिस्टमडीवर सोपवावं लागतं. बाहेर पडलेल्या क्लायंटला ते पुन्हा उठवतात. सर्व्हरवरही क्लायंटला तशीच विचारणा करणारं क्लायंटअलाइव्हइंटरव्हल लावलेलं असलं, की अडकलेला पोर्ट लवकर मोकळा होतो.

रिमोट फॉरवर्डचा पोर्ट मूळ सेटिंगमध्ये फक्त सर्व्हरच्या आतूनच उघडतो. सर्व्हरवरचं गेटवेपोर्ट्स हे सेटिंग चालू करून तो सगळ्या जगाला उघडा करण्याआधी गावचं ते मशिन तितकं सुरक्षित आहे का, हे तपासावं.