शरदरंग, गृहोद्यानातील

शरदरंग, गृहोद्यानातील : समशीतोष्ण प्रदेशांतील पानझडी वृक्षांची व झुडपांची पाने गळण्यापूर्वी पिवळी, नारिंगी किंवा लाल होतात. त्या रंगांसाठी अशा वनस्पती निवडून घराच्या बागेत लावण्याची प्रथा जपान, यूरोप व उत्तर अमेरिकेत चांगली रुजलेली आहे.

दिवस लहान होऊन रात्री गारठू लागल्या की पानांतील हरितद्रव्याचे विघटन होते आणि नायट्रोजनासारखी पोषकद्रव्ये वनस्पती खोडाकडे परत ओढून घेते. पिवळा रंग देणारी कॅरोटिनॉइडे पानात आधीपासूनच असतात. गिंको व भूर्ज यांत हिरवा रंग ओसरताच ती उघडी पडतात. लाल रंग देणारी अँथोसायनिने मात्र बहुतेक जातींत याच सुमारास नव्याने तयार होतात. गळणाऱ्या पानासाठी वनस्पती हा खर्च का करते, याविषयी मतभेद आहेत. भडक रंग म्हणजे माव्यासारख्या किडींना दिलेला आपल्या प्रतिकारशक्तीचा इशारा होय, असे मत हॅमिल्टन व ब्राउन या जीवशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये मांडले. त्याच वर्षी फील्ड, ली व होलब्रुक यांनी रेड-ओसियर डॉगवुड या झुडपाच्या अभ्यासावरून असे सुचविले की, हरितद्रव्य मोडत असताना पडणाऱ्या प्रखर उन्हापासून अँथोसायनिने पेशींचे रक्षण करतात आणि त्यामुळे पोषकद्रव्ये परत घेण्यास अवधी मिळतो. माव्याच्या डोळ्यांत लाल रंगाचे स्वतंत्र दृष्टिग्राही (प्रकाश टिपणारे घटक) नसल्याने पहिले मत काहीसे अडचणीत येते. दुसऱ्या मताला बागेतही पुष्टी मिळते : लाल झालेल्या पानावर दुसरे पान टेकलेले असल्यास झाकल्या भागाची पिवळसर आकृती तशीच राहिलेली दिसते.

लाल रंगाच्या झाडांना म्हणूनच भरपूर ऊन लागते. स्वच्छ दिवस आणि थंड पण हिमतुषाररहित रात्री सर्वांत अनुकूल. अवेळी कडाका पडल्यास पाने करपून तपकिरी होतात. बियांपासून वाढविलेल्या रेड मेपलच्या रोपांत रंगाची खात्री नसते, त्यामुळे कलमी वाण घ्यावा किंवा शरदातच रोप पाहून निवडावे. गिंकोच्या मादी झाडाच्या पिकलेल्या बियांना उग्र दुर्गंधी येत असल्याने नर झाडाचे कलम पसंत करतात. बर्निंग बुश हे किरमिजी झुडूप अमेरिकेत रानात पसरून उपद्रवी ठरले असून मॅसॅच्युसेट्समध्ये त्याच्या विक्रीस बंदी आहे; त्याऐवजी तेथील देशी हायबुश ब्लूबेरी लावणे सर्वथा श्रेयस्कर.

जपानमध्ये शरदरंग पाहण्याची सरदारवर्गीय प्रथा साधारणतः हेइआन काळापासूनची (७९४–११८५) मानतात. जपानी मेपलच्या बागायती वाणांची जोपासना मुख्यतः एदो काळात (१६०३–१८६८) भरास आली.

महाराष्ट्रात घराच्या अंगणातील देशी बदाम हेच याचे सहज आढळणारे उदाहरण. त्याची पाने गळण्यापूर्वी तांबडी होतात. कुसुंब व पिंपळ यांचा वसंतातील तांबूसपणा कोवळ्या पालवीचा असल्याने तो शरदरंगात मोडत नाही.